आजीची पावसाची वही

गेल्या उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी महिलांचा मेळावा होता आणि त्यात पाण्यासाठी काम करणाऱ्या वयस्क स्त्रियांचा सत्कार व्हायचा होता. आजीलाही बोलावणे आले. आदल्या रात्री तिने ठेवणीतले इरकल काढून उशाशी ठेवले, चष्म्याच्या काचा पदराने पुसल्या आणि पिशवीत आपली पावसाची वही घातली. लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारी मांडायला वापरतात तसली ती लांबट वही. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी चित्रीकरण करणारा एक तरुण तिच्याजवळ आला. मुलगा चांगला होता, अदबीने बोलत होता. त्याने कुठून तरी एक जाते आणवले होते. मंडपाच्या कडेला ते मांडून त्याने आजीला समोर बसवले आणि म्हणाला, "आजी, ती वही जरा बाजूला ठेवा. पावसाची एखादी ओवी म्हणा ना." आजीने मांडीवरची वही माझ्या हातात दिली, खुंटा धरला आणि दोन ओव्या म्हटल्या. तिचा गळा अजून शाबूत आहे. सगळ्यांना ते फार आवडले. पुढे शाल-श्रीफळ झाले, सूत्रसंचालकांनी 'परंपरेचे शहाणपण जपणारी माउली' म्हणून तिचा गौरव केला आणि दोन मिनिटे बोलायला मिळतील या आशेने तिने पाठ करून आणलेले आकडे तसेच राहिले. परतीच्या एसटीत ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "त्यांना आजी पायजे व्हती. हिसाब नको व्हता."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण ज्या परंपरेच्या नावाने तिचा गौरव झाला, त्या परंपरेकडून तिला पाण्याविषयी जी उत्तरे मिळाली होती, ती तिने एकेक करून नाकारली आहेत आणि त्यासाठी अर्धे आयुष्य घातले आहे. ती बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातल्या आमच्या गावात सून म्हणून आली, तेव्हा पाऊस का पडत नाही याची कारणे ठरलेली असत. कुणाचे तरी पाप, कुणी तरी नवस चुकवलेला, कुणाच्या घरात काही तरी अमंगळ घडलेले. या कारणांचा शेवट बहुधा एखाद्या बाईपाशीच होई. नवी सून आली आणि त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, तर बोलणारे मागेपुढे पाहत नसत. आजीचे लग्न १९७१ मध्ये झाले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राच्या आठवणीत कायमचा राहिलेला दुष्काळ आला. तिच्या पायगुणाविषयी त्या काळात काय काय बोलले गेले, ते ती आजही पूर्ण सांगत नाही. एवढेच म्हणते, की आपल्यामुळे पाऊस गेला नसावा असे तेव्हाही मनातून वाटत होते, पण ते सिद्ध करून दाखवायला हातात काहीच नव्हते.

बहात्तरच्या दुष्काळाची वर्णने मराठवाड्यातील प्रत्येक घरात आहेत, त्यामुळे ती मी लांबवत नाही. लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडताना डोळ्यांत उडणाऱ्या कपच्या, हे सगळे आजीनेही भोगले. तिच्या सांगण्यात मात्र एक गोष्ट इतरांपेक्षा वेगळी येते. खडीच्या कामावरून तिची टोळी गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाच्या कामावर लागली. डोक्यावर मातीची पाटी घेऊन भरावावर चढायचे, ओतायची, उतरायचे. तलाव पाण्यासाठी बांधायचा आणि त्यातले पाणी कुणी वापरायचे नाही, हे तिला पटेना. मुकादमाला विचारावे तर तो ओरडायचा. एकदा पाहणीला आलेल्या कनिष्ठ अभियंत्याला तिने पदर सावरून विचारलेच. तो माणूस पाटीशेजारी उकिडवा बसला, काडीने जमिनीवर तलाव, उतार आणि खालची विहीर काढून दाखवली आणि म्हणाला, की हे पाणी उपसण्यासाठी अडवलेले नाही, मुरण्यासाठी अडवलेले आहे. वर मुरेल ते खाली विहिरीत दिसेल. पाण्याविषयी कुणी तरी तिला कारण सांगितले आणि त्यात कुणाचे पाप नव्हते, असे ते पहिल्यांदा घडले.

दुसरा प्रसंग आडावरचा. वेशीजवळच्या आडावर गावातल्या बायका पाणी शेंदत. आडातले पाणी खाली जाऊ लागले, की दोराला दोर जोडावा लागे आणि दोर किती वाढला यावरून बायका उन्हाळा मोजत. दुष्काळानंतरच्या काही वर्षांत तिथे भूजल सर्वेक्षण खात्याची जीप येऊ लागली. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर, अशी वर्षातून चार वेळा ती येई. एक जण उतरून आडाच्या कठड्यावर वाकायचा, पोलादी टेपच्या टोकाला खडू चोळायचा, टेप खाली सोडायचा आणि वर ओढून खडू कुठपर्यंत भिजला आहे ते पाहून वहीत काही तरी लिहायचा. इतर बायकांना त्याची अडचण वाटे, पोहरे बाजूला घ्यावे लागत. आजी मात्र जवळ उभी राहून पाहायची. तो काय लिहितो, तिला वाचता येत नव्हते. म्हणून तिने स्वतःची सोय केली. जुन्या सुताचा एक लांब दोर घेऊन त्याला हात-हात अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि अमावस्येला तो आडात सोडून किती गाठी कोरड्या राहिल्या ते मोजू लागली. कोरड्या गाठींइतके चिंचोके ती उतरंडीतल्या एका गाडग्यात टाकून ठेवायची आणि पुढच्या अमावस्येला नव्या चिंचोक्यांशी ते ताडून पाहायची. सासूने एकदा ते चिंचोके कचरा समजून चुलीत टाकले. आजी सांगते, की त्या दिवशी ती जेवली नाही.

तो दोर अजून घरात आहे. सूत काळे पडले आहे, गाठी मात्र घट्ट आहेत. तिच्या हाताचे अंतर म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. पुढे टेप हाती आल्यावर तिने सगळ्या गाठी मोजून पाहिल्या, तेव्हा काही गाठींमधले अंतर बोटभर कमी-जास्त निघाले. तिने ती चूक झाकली नाही. आपल्या जुन्या आठवणींतले आकडे कुणाला सांगताना ती आजही 'अदमासे' म्हणते आणि वहीतले सांगताना म्हणत नाही. ही शिस्त तिला कुणी शिकवली नव्हती.

नव्वदच्या दशकात साक्षरता अभियानाचे वर्ग मारुतीच्या पारावर भरू लागले, तेव्हा आजी चाळिशी ओलांडलेली होती. शिकवायला गावातलीच बारावी झालेली मुलगी होती. तिने पाटीवर 'अ' काढला, तर आजी म्हणाली, "बाई, मला आदी आकडे शिकीव." वर्गातल्या बहुतेक जणींना स्वतःची सही करायची होती, पोथी वाचायची होती, कुणाला मुंबईला गेलेल्या मुलाचे पत्र वाचायचे होते. आजीला दशांश चिन्ह हवे होते. खात्याच्या माणसाच्या वहीत आकड्यांच्या मध्ये एक टिंब असते, ते तिने पाहून ठेवले होते. त्या टिंबाचा अर्थ कळल्याचा आनंद ती अजून तपशीलवार सांगते. अक्षरे मागून आली आणि तिचे अक्षर आजही वेडेवाकडे आहे, आकडे मात्र छापल्यासारखे.

त्याच सुमारास ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर किल्लारीत जो भूकंप झाला, त्याचा हादरा आमच्या गावातही जाणवला. भांडी पडली, दारे वाजली आणि पुढे कित्येक दिवस गाव उघड्यावर झोपत होते. याहून मोठा धक्का अमुक तारखेला येणार अशा वावड्या रोज उठत. मदत गोळा करायला आलेल्या एका प्राध्यापकांनी शाळेच्या पटांगणात लोकांना जमवून सांगितले, की भूकंपाचा दिवस आधी सांगता येत नाही, जो सांगतो तो खरे बोलत नाही. त्याच ओघात त्यांनी आपल्या पायाखालचा खडक काय आहे तेही सांगितले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडत राहिला, एकावर एक थर साचत गेले आणि त्यातून दख्खनचे हे काळे पठार घडले. आजी विहीर खोदताना पाहून पाहून खडकाचे थर ओळखत होतीच. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग कुदळ उसळी मारते तो काळा पाषाण. हे सगळे एकेकाळी वाहत आलेले आहे, ही कल्पना तिला एकदम पकडून बसली. त्या रात्री उघड्यावर निजलेल्या बायकांना तिने तेच सांगितले. भीतीने जागणाऱ्या बायकांना साडेसहा कोटी वर्षांची गोष्ट ऐकून धीर कसा आला असेल, हे मला नीट सांगता येणार नाही. पण त्यांतल्या एक काकू आजही म्हणतात, की त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली.

खरे काम सुरू झाले ते पावसाच्या मापनापासून. परभणी आकाशवाणीवर शेतीचा कार्यक्रम लागे, त्यात पावसाचे आकडे मिलिमीटरमध्ये येत आणि गावात कुणालाच त्यांचा अर्थ लागत नसे. आजीने शाळेतल्या गुरुजींकडून तो समजून घेतला आणि बचत गटाच्या बैठकीत सांगितला, तर बायकांनी तो मानला नाही. त्यांचे म्हणणे सरळ होते. मोठे भांडे ठेवले तर जास्त पाणी साठेल, लहान ठेवले तर कमी, मग पाऊस इतके मिलिमीटर पडला या बोलण्याला अर्थ काय? शंका रास्त होती. आजीने वाद घातला नाही. मृगातला पाऊस अंगावर येताना दिसला तेव्हा तिने अंगणात लग्नाकार्यात वापरतात ते उभ्या कडांचे मोठे पातेले ठेवले आणि शेजारी तशाच उभ्या कडांचा, वीतभर तोंडाचा स्टीलचा डबा. पाऊस तासभर चांगला लागला. उघडल्यावर तिने शेजारणींना हाका मारल्या, माझ्या आत्याची शाळेतली फूटपट्टी आणली आणि दोन्हींत उभी धरली. पट्टी दोन्हींत सारखीच भिजली होती. मग तिने पातेल्यातले पाणी मापट्याने मोजून काढले, डब्यातले मोजून काढले, आणि पातेल्यात कितीतरी जास्त निघाले. बायका गप्प झाल्या. एकीने पट्टी हातात घेऊन स्वतः पुन्हा मोजायचा हट्ट धरला, पण तोवर पाणी ओतून झाले होते, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या पावसात सगळा प्रयोग पुन्हा करावा लागला. आजीला याचा राग आला नाही. उलट ती म्हणते, की त्या बाईने पुन्हा मोजायला मागितले, तिथेच आपले काम झाले.

पुढची पायरी तिने रांगोळीने गाठली. अंगणात मीटरभर लांब, मीटरभर रुंद चौकोन रेखला आणि सांगितले, की एवढ्या जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मग एकर. एका एकरात असे चार हजारांहून थोडे जास्त चौकोन बसतात, म्हणजे इंचभर पाऊस पडला तर एकरावर एक लाख लिटर पाणी पडते. हा आकडा ऐकून बायकांच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते मी लहानपणी माजघराच्या उंबऱ्यावर बसून पाहिले आहे. हंड्याने पाणी वाहणाऱ्या बाईला लाख लिटर म्हणजे किती, हे कुठल्याही तज्ज्ञापेक्षा जास्त नीट कळते. मानेला कळते, कमरेला कळते. आपल्या तीन एकरांवर एका पावसात तीन लाख लिटर पडले आणि ते ओढ्यातून निघून गेले, हे लक्षात आल्यावर बांधबंदिस्ती हा शब्द त्यांना सरकारी वाटेनासा झाला. त्यानंतर गटाच्या बायका टेम्पो करून जालना जिल्ह्यातील कडवंची पाहून आल्या. विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे पाणलोटाचे काम उभे राहिले होते. माथ्यावरचे चर, बांध, शेततळी हे सगळे आजीने हात लावून पाहिले आणि परत येताना एकच प्रश्न विचारत राहिली, की यांनी आधी मोजले की आधी खोदले.

गावाला तिचे हे बोलणे गोड लागत होते, ते ती पाणी अडवण्याविषयी बोलत होती तोवर. अडवण्याला कुणाचा विरोध नसतो. विरोध सुरू झाला तो तिने उपशाचा विषय काढल्यावर. तामिळनाडूच्या पाट्यांच्या बोअरच्या गाड्या तोवर रात्रंदिवस घरघरत होत्या. पाण्याची जागा सांगणारा पाणाड्या हातावर नारळ घेऊन किंवा काटकी धरून शिवारात फिरायचा, नारळ उभा राहिला की तिथे गाडी लागायची. आजीने पाणाड्याला कधी खोटे म्हटले नाही. तो गरीब माणूस होता आणि त्याचा स्वतःच्या हातावर मनापासून विश्वास होता. तिने फक्त प्रत्येक बोअरची नोंद ठेवायला सुरुवात केली. कुणाचे रान, किती फूट, पाणी लागले की नुसता फुफाटा उडाला, लागले तर किती वर्षे टिकले. काही वर्षांनी ती यादी तिने भजनी मंडळासमोर वाचून दाखवली. लागलेले आणि कोरडे गेलेले जवळजवळ सारखेच होते आणि लागलेल्यांपैकी बरेच दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात आटलेले. पाणाड्यानेच ती यादी पुन्हा वाचायला सांगितली. तो हे काम सोडून गेला नाही, पण त्यानंतर पैसे घेण्याआधी 'माझी खात्री नाही' असे सांगू लागला. एका माणसाला एवढे म्हणायला लावणे ही लहान गोष्ट आहे, असे मला वाटत नाही.

आमच्या खडकाची गोष्ट ती एका वाक्यात सांगते. कुजलेल्या, भेगाळलेल्या बेसॉल्टच्या शंभर घागरी घेतल्या, तर त्यातून एक ते तीन घागरी पाणी निघते, बाकीचा दगडच. गंगा-यमुनेच्या गाळाच्या मैदानात खोल जाऊन पाणी मिळत राहील, इथे खाली जावे तसा दगड घट्ट होत जातो. सहाशे-आठशे फुटांवर एखाद्या भेगेत लागलेले पाणी बहुधा फार जुने असते, ते एकदा काढले की लवकर भरून येत नाही. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेती आणि उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींना मनाई केली आहे. हे कायद्याचे कलम गावात पहिल्यांदा आजीने वाचून दाखवले, अडखळत, बोट ठेवून. त्या दिवशी पारावर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या रानात त्याहून खोल बोअर होते.

आमच्याही रानात होते.

इथे माझे मन दोन बाजूंना ओढले जाते आणि ते तसेच लिहिले पाहिजे. वडिलांनी ऊस लावला होता. सोयाबीनला भाव नाही, कापसावर बोंडअळी, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट अजून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. हरभरा, गहू, फळबागा झोपल्या, ऊस तेवढा उभा राहिला. उसाला ठरलेला भाव आहे, कारखान्याची गाडी फडावर येते, बँक उसावर कर्ज देते. वडील हट्टी नव्हते, त्यांचा हिशेबही हिशेबच होता. माझे संभाजीनगरचे शिक्षण, वसतिगृहाचे पैसे, आत्याच्या आजारपणाचा खर्च, सगळे त्या उसातून निघाले. आजीला हे ठाऊक होते आणि तरीही ती बोलत राहिली. घरात संध्याकाळी ताटे वाढली जात असताना तिचे आणि वडिलांचे जे बोलणे व्हायचे, त्यात आवाज चढत नसे, पण कुणी कुणाकडे पाहत नसे. वडील म्हणायचे, "आई, तू गावाला सांग, मला नको सांगू." ती म्हणायची, "घरात सांगता येईना ते गावात कसं सांगू?"

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे पोहोचली. लातूरला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. दूरचित्रवाणीवर दिवसभर तेच दृश्य, लोक रुळांशेजारी उभे राहून गाडीवर फुले टाकत होते. आजीने वही उघडली. पाच लाख लिटर म्हणजे पाच एकरांवर पडलेला इंचभर पाऊस. मग उसाचा हिशेब. पाटाने पाणी दिलेल्या उसाला हंगामभरात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. त्यातून आपल्याकडे पडणारा सरासरी सातशे मिलिमीटर पाऊस सगळाच्या सगळा पिकाच्या कामी आला असे धरून वजा केला, तरी तेराशे उरतात. एका एकराचे बावन्न लाख लिटर. म्हणजे तसल्या दहा गाड्या. तिने ते वडिलांना वाचून दाखवले नाही. वहीचे पान उघडे ठेवून ती भाकरी थापायला गेली. वडिलांनी ते वाचले, हे मला माहीत आहे, कारण त्यांनी चष्मा लावला होता. ते काही बोलले नाहीत. त्या वर्षी खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या खोडांतून येणारे पुढचे पीक, राखला नाही, आणि पुढच्या वर्षी अर्ध्या रानात ठिबक आले, उरलेल्या अर्ध्यात रब्बीची ज्वारी. ऊस पूर्ण गेलेला नाही. आजीच्या मते हे पुरेसे नाही, वडिलांच्या मते याहून जास्त परवडणार नाही, आणि दोघांचेही आकडे मी तपासले आहेत. दोघांचेही बरोबर आहेत.

पाऊस कमी पडण्याचीच सवय असलेल्या आमच्या भागाला अलीकडे पाऊस एकदम पडण्याचीही भीती शिकावी लागली. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस गुलाब चक्रीवादळाचा उरलेला पट्टा मराठवाड्यावरून गेला, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची सोयाबीन काढणीच्या तोंडावर पाण्याखाली गेली. अशा वेळी नुकसानभरपाईसाठी महसूल मंडळाच्या मापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जाणे महत्त्वाचे असते. मापक एका गावात, मंडळात गावे अनेक, आणि आपल्याकडचा पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो तर दुसरे कोरडे ठेवतो. एका वर्षी आमच्या शिवारात धो धो पडले आणि मंडळाच्या नोंदीत ते आलेच नाही. आजी वही घेऊन तालुक्याला गेली. तिथल्या साहेबांनी वही चाळली, कौतुक केले आणि सांगितले, की ही नोंद प्रमाणित मापकाची नाही, धरता येणार नाही. गाव चिडले. आजीचे म्हणणे मात्र वेगळे होते. माझा डबा अंगणात लिंबाच्या झाडाजवळ आहे, झाडामुळे आकडा चुकू शकतो, साहेब म्हणतात ते खरे आहे. मग प्रमाणित मापक प्रत्येक गावात द्या. त्या मागणीसाठी ती गावोगावच्या बचत गटांत फिरली. दर वेळी ती आधी स्वतःच्या डब्याची उणीव सांगायची आणि मग मागणी मांडायची. अखेर शाळेच्या पटांगणात, झाडांपासून लांब, गुरुजींच्या पुढाकाराने नीट मापक बसले. सकाळी साडेआठला मुले ते वाचतात आणि अडीच मिलिमीटर किंवा अधिक पडले तरच तो पावसाचा दिवस धरतात, हा नियमही त्यांना पाठ आहे.

म्हणूनच त्या मेळाव्यातली जात्याची मांडणी मला इतकी लागली असावी. ओवी आजीला परकी आहे असे नाही. पाऊस लांबला की लिंबाचा पाला बांधून धोंडी मागायला आलेल्या पोरांच्या डोक्यावर ती आजही तांब्याभर पाणी ओतते, मूठभर धान्य घालते आणि मग त्यांना अंगणात बसवून ढग कसे होतात ते विचारते. तिने स्वतःच्या ओव्याही रचल्या आहेत. कणीक मळताना ती एक गुणगुणते:

पाऊस पडीला, आलं आभाळ खाली गं
वीस मिलिमीटर, माझ्या वहीत ओली गं.

ही ओवी कुणी मागितली असती, तर तिने तीही म्हटली असती. मागितली गेली ती जुनी, कारण जुन्या ओवीतल्या बाईला पाऊस नुसता हवा असतो. तो किती पडला, कुठे गेला आणि कुणी उपसला, हे ती विचारत नाही. नऊवारीतली सुरकुतलेली बाई दशांश चिन्हासह बोलू लागली, की तिचे चित्र कुणाच्याच चौकटीत बसत नाही. तज्ज्ञांच्या परिषदेत तिला श्रोत्यांत बसवतात आणि बायकांच्या मेळाव्यात जात्यापुढे. तिचे बोलणे ज्यांनी खरोखर ऐकले, ते पारावरचे, पाणवठ्यावरचे, भजनातले लोक आहेत, आणि ऐकून त्यांतले काही जण तिच्यावर रागावलेही आहेत. ती त्या रागाला मान देते. माणसाला आकडा कळला नसता तर तो रागावला नसता, असे तिचे म्हणणे आहे.

आता तिचे गुडघे साथ देत नाहीत. आडाचे पाणी शेजारची आठवीतली मुलगी मोजते, खडू लावलेल्या टेपने, आणि आकडा आजीला येऊन सांगते. आजी तो लगेच लिहीत नाही, मुलीला परत पाठवते आणि दुसऱ्यांदा मोजून यायला लावते. दोन्ही आकडे जुळले की लिहिते. गेल्या दसऱ्यानंतर गावाने पहिल्यांदा पाण्याचा ताळेबंद मांडला, पडलेले किती, मुरलेले किती, रब्बीला परवडेल ते किती. बैठकीत वडील मागच्या रांगेत बसले होते आणि उसाच्या रकान्यात आपल्या रानाचा आकडा त्यांनी स्वतः सांगितला. आजीचे समाधान त्याने झालेले नाही. नव्या बोअरची गाडी शिवारात येण्याआधी मागच्या मे महिन्यातली आडाची पातळी ग्रामसभेत मोठ्याने वाचली गेली पाहिजे, असा ठराव तिला हवा आहे. मसुदा माझ्याकडून लिहून घेतला आहे आणि त्यात माझे दोन अलंकारिक शब्द तिने खोडले आहेत. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो मांडायचा आहे आणि विरोध कोण कोण करणार, त्यांच्या घरी ती आधीच जाऊन बसू लागली आहे.